मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची पात्रता : एक परीक्षण

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. द्रव्याच्या अभावी उच्च शिक्षण खुंटू नये, हा तिचा हेतू होय. या हेतूविषयी वाद संभवत नाही. पात्रतेच्या नियमांनी तो कितपत साधतो, हाच विचारणीय प्रश्न आहे. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या, महानगरपालिका नसलेल्या हिंगोली जिल्ह्याच्या परिस्थितीशी हे नियम ताडून पाहता त्यांतील दोन उणिवा स्पष्ट होतात.

पहिली उणीव उत्पन्नमर्यादेची. २०१३ मध्ये ही मर्यादा वार्षिक २,५०,००० रुपये ठरली. २०२१ मधील पुनर्रचनेतही ती तशीच ठेवण्यात आली. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्य शासनाच्या शिपायाचे आरंभीचे मूळ वेतन १५,००० रुपये. २०२४ मध्ये महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्यावर पोहोचला, तेव्हा ही मिळकत वर्षाला २,७०,००० रुपये झाली. म्हणजे महागाईची भरपाई म्हणून शासनाने एका हाताने जे दिले, त्याच आधारे दुसऱ्या हाताने त्याच्या मुलाची पात्रता काढून घेतली. मर्यादेबाहेरील विद्यार्थ्यास राज्याची शुल्कमाफी मिळते, हे खरे. परंतु निर्वाहासाठी मिळणाऱ्या भत्त्यास तो मुकतो.

दुसरी उणीव या भत्त्याचीच. २०२१ च्या दरांनुसार सामान्य पदवी अभ्यासक्रमाच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्यास वर्षाला ६,००० रुपये, तर घरून येणाऱ्यास ३,००० रुपये. घरी राहणे स्वस्त, हे यामागील गृहीत. शहरात ते काही अंशी पटण्याजोगे आहे. परंतु सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील खेड्यातून हिंगोलीस रोज येणाऱ्या विद्यार्थ्याला घरी राहण्याची किंमत एस. टी. च्या भाड्यात आणि प्रवासात गेलेल्या वेळात मोजावी लागते. मुलींचा मोफत प्रवासाचा पास तर बारावीलाच संपतो. महाविद्यालयाची वाट सुरू होते तेथेच सवलत आखडते.

मर्यादा वाढविल्यास अत्यंत गरिबांचा वाटा घटेल, हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. तथापि तो तरतूद वाढविण्याच्या बाजूचा युक्तिवाद ठरतो, मर्यादा गोठविण्याच्या बाजूचा नव्हे. मर्यादा किंमत निर्देशांकाशी आणि भत्ता अंतराशी जोडल्याखेरीज मूळ हेतू व नियम यांची सांगड बसणार नाही.