वाळा, साखळी आणि खोडा

श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदे. पुढं नावातला चांभार गेला आणि तिथं श्री येऊन बसला. गावाला नावातली खूण पुसता आली. बाईच्या अंगावरची खूण एवढ्या सहजी पुसली जात नाही. म्हणून पायातल्या दागिन्यांबद्दल बोलायचं आहे.

मराठी कवितेत न् सिनेमात पैंजण कायम वाजतच असतात. ते वाजले की प्रियकराचं काळीज हलतं आणि समीक्षक त्याला नादमाधुर्य म्हणतो. पण हे पैंजण चालतात कुठं? माजघरातून ओसरीपर्यंत. ढेकळातून, उसाच्या फडातून मोळी घेऊन चालणारे पाय या समीक्षेला ऐकूच येत नाहीत.

माझ्या आजीच्या पायात चांदीचे वाळे होते. ती त्यांना दागिना म्हणायचीच नाही, अडीनडीचा पैसा म्हणायची. दुष्काळ पडला की वाळे सावकाराकडं, सुगी आली की परत पायात. एकदा गेले ते आलेच नाहीत. घोट्यावर वळ तेवढा राहिला. सोनं म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालू नये, असा रिवाज सांगतात. आमच्या घरात तो मोडायची कधी ऐपतच नव्हती.

दुसरा दागिना तमाशातल्या बाईचा, चाळ. हा पोट भरणारा दागिना. रात्री गाव त्याच्यावर दौलतजादा करतं आणि सकाळी त्याच बाईला नावं ठेवतं. लावणीच्या ठेक्यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी त्या घोट्यांची सूज कधी मोजली?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायांशी बोलले. गळ्यातल्या गळसऱ्या, हातातले कथलाचे-चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. लुगडं नेसायची पद्धतही बदला म्हणाले आणि बायांनी ती लगेच बदलली. मला ही दागिन्यांची पहिली खरी समीक्षा वाटते. दागिना सुंदर आहे की नाही, हा सवालच तिथं नव्हता. तो कुणाची खूण मिरवतो, हा सवाल होता.

आता घरातलं बोलू. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये आणखी एक पायातली वस्तू आहे, खोडा. सासरहून पळणाऱ्या सुनेच्या पायात जड लाकडाचा खोडा अडकवत. पाय रक्ताळायचा, तरी कामं सुटायची नाहीत. अडकवणारे हात गावातले नव्हते, आपल्याच वस्तीतले होते. गावानं घातलेल्या बेड्या आपण मोठ्यानं मोजल्या, बरोबरच केलं. पण हा खोडा मोजताना आपली समीक्षा घसा खाकरते न् विषय बदलते. बेबीताईंनी विषय बदलला नाही. त्यांच्या पुस्तकाची थोरवी मला इथं दिसते.

मराठीत पायातला दागिना पण साखळी न् गुराला बांधायची पण साखळी. भाषेला फरक करता येत नसेल तर तो समीक्षेनं करावा. दोनच प्रश्न पुरेत. ही पायात कुणी घातली? आणि वाटलं तर तिला ती स्वतःच्या हातानं काढता येते का?

आपल्यातल्या कवींनीही पुढचं पैंजण कवितेत वाजवण्याआधी हे दोन प्रश्न घरी जाऊन विचारावेत.