घोंगडीतलं कुसळ

बुलढाणा जिल्हा कापसाचा. खामगावच्या कापूस बाजाराचं नाव एके काळी दूरवर होतं, आणि घाटाखालच्या काळ्या जमिनीत आजही पऱ्हाटी आहेच. अशा मुलखात लोकरीचं वस्त्र येतं ते मेंढपाळाच्या खांद्यावरून. सुगी संपून रानं मोकळी झाली की घाटावर चिखली, मेहकर, लोणारकडे आणि घाटाखालीही धनगरांचे वाडे दिसू लागतात. शेतकरी वावरात मेंढ्या बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. त्या बिऱ्हाडात भांडीकुंडी मोजकी, पण घोंगडी हमखास.

शालीचं कौतुक करताना आपण तिचा मऊपणा बघतो. त्या मापानं घोंगडी जोखू नये. ती टोचते, कारण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. एका जुन्या घोंगडीच्या काठाशी मला गवताचं कुसळ दिसलं. उपटायला गेलो तर ते सुताच्या पिळातच गेलेलं. मेंढी चरताना ते लोकरीत अडकलं. कातरणाऱ्याच्या कात्रीतून सुटलं, पिंजताना झडलं नाही, चरख्यावर सूत काढणाऱ्या बाईच्या बोटांखालून निसटलं आणि विणकरानं ते तसंच विणून टाकलं. कुठल्या तरी माळावरचं गवत त्या वस्त्रात कायमचं राहिलं. इतका खरा दाखला मी दुसऱ्या कुठल्या कापडात पाहिलेला नाही.

तिचा काळा रंगही मेंढीचाच. काठाला पांढरा पट्टा असेल तर तो पांढऱ्या मेंढीच्या लोकरीचा. रंगाऱ्याचं इथं काम नाही. विणणारे सनगर आणि खुटेकर धनगर. उभ्या सुताला चिंचोक्याची खळ कुंच्यानं पाजायची, सूत वाळू द्यायचं आणि मग पाय खड्ड्यात सोडून मागावर बसायचं. खळीमुळे नवी घोंगडी ताठ असते. तिला अंगाच्या वळणावर आणायचं काम विणकराचं नाही, ते वापरणाऱ्याचं.

म्हणून घोंगडी कळते ती पांघरल्यावर. ऊन असलं की उभी घडी घालून खांद्यावर टाकायची; काठी खांद्यावर घेतली की खाली तिचीच गादी होते. पाऊस आला की खोळ करायची. घोंगडी लांबीत दुमडायची, एका आखूड बाजूची टोकं जुळवून गाठ मारायची आणि ती बाजू डोक्यावर घ्यायची. दुमड पाठीच्या कण्यावर येते, दोन्ही काठ पुढं मोकळे राहतात आणि हात कामाला रिकामे. पाणी पाठीवरून ओघळून जातं. पावसाची रिपरिप फार वेळ चालली तर ती भिजते, जड होते; पण लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. थंडीत चालायचं असेल तर गाती बांधायची: एक पदर काखेखालून, दुसरा खांद्यावरून, गाठ छातीवर. वाटेत मेंढी व्याली तर त्याच ओच्यात ओलं कोकरू बसतं. रात्री अर्धी अंगाखाली, अर्धी अंगावर. एकही बटण नाही, एकही शिवण नाही आणि तरी तिचा छत्रीपासून बिछान्यापर्यंत उपयोग होतो. ही कल्पकता मला फार मोठी वाटते.

रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी त्याच विठोबाकडे पायी निघते. आषाढीच्या त्या वाटेवर आता डोक्यावर घोंगडीच्या खोळीऐवजी प्लास्टिकचा कागद असतो. तो हलका आणि स्वस्त, त्याला दोष कसा द्यावा? पण त्याच्या आत घामानं अंग भिजतं, हे चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

खरी चिंता लोकरीची आहे. कळपात मांसासाठी वाढवलेल्या, अंगावर लोकर कमी असलेल्या माडग्याळसारख्या मेंढ्या वाढल्या. कातरणीची मजुरी लोकर विकून निघत नाही, म्हणून कातरलेली लोकर रानातच टाकून देण्याची वेळ मेंढपाळांवर येते. तिकडे विणकराला चांगली लोकर मिळत नाही, आणि बाजारात यंत्रावरची कृत्रिम धाग्याची ब्लँकेटं घोंगडी म्हणून खपतात.

घेणाऱ्यानं एवढं पाहावं. काठाचा सुटा धागा काढून जाळावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख चिमटीत भुगा होते, कृत्रिम धागा वितळून गोळा होतो. अंगाला टोचण सोसत नसेल तर कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची घोंगडी मागावी. ती महाग पडते, पण मऊ असते. साबणानं घासू नये, झटकून उन्हात टाकावी, ठेवताना घडीत कडुनिंबाचा पाला घालावा. आणि विणकर दारात भेटला तर भावात घासाघीस करू नये.