मालेगावचा सुपरमॅन आणि सत्याचा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात हिवरखेडच्या एका लग्नाला आम्ही उपस्थित होतो. पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईला हुंदका आवरेना. पण नेमकी त्याच क्षणी व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. नवी बॅटरी बसवून तो अदबीने म्हणाला, "मावशी, आणखी एकडाव रडा नं जी." बाई आधी हसल्या, आणि मग हसता हसता खरोखरच रडल्या. पुढे ते चित्रण पाहताना घरातल्या सर्वांचे डोळे पाणावले, ते या दुसऱ्या रडण्याने. ते रडणे खरे मानावे की खोटे?

हा प्रश्न मनात घोळत असताना फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (2008) हा माहितीपट आम्ही पुन्हा पाहिला. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. तेथील नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता चित्रपटाची कला आत्मसात केली आणि 2000 साली 'मालेगाव के शोले' हे विडंबन तयार केले. माहितीपटात हेच नासिरभाई आपल्या गावचा 'सुपरमॅन' घडविताना दिसतात. सायकलीवर कॅमेरा फिरतो, बैलगाडीची क्रेन होते, हिरव्या कापडापुढे नायक आकाशात उडतो. तो नायक म्हणजे यंत्रमागावर राबणारा, अंगाने काटकुळा असा शफीक शेख. चित्रीकरणाच्या ऐन धामधुमीत त्याचे लग्न निघते. कॅमेरा पाण्यात पडतो. साऱ्या महाशक्तींचा धनी असलेला सुपरमॅन अशा किरकोळ संकटांपुढे हतबल होतो, आणि आपण मनमुराद हसतो.

मराठी मातीला हे नवे नाही. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाचा श्रीगणेशा केला, तो एका रोपट्याची वाढ टिपून. पुढे 1913 साली त्यांनी पडद्यावर आणला तो सत्यवचनी राजा हरिश्चंद्र. गंमत अशी, की सत्याची ही कथा उभी करताना तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाला करावी लागली, आणि चित्रपटात काम करणे कमीपणाचे वाटे म्हणून 'आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो' असे सांगण्याचा सल्ला नटांना मिळाला, अशी आठवण सांगतात. 1917 च्या सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपटही काढला. त्यात ते स्वतःच काम करताना दिसतात. आता, दिग्दर्शक आपले दिग्दर्शन कॅमेऱ्यापुढे 'करून दाखवतो', तेव्हा ते काम असते की कामाचा अभिनय? आमच्या मते दोन्ही. स्वतःचे चित्र काढणाऱ्याला स्वतःसमोर बसावेच लागते, आणि समोर बसलेला माणूस थोडा सावरून बसतोच.

मग सत्य ओळखावे कसे? प्रायश्चित्त संस्काराच्या निमित्ताने माणसे आपली कहाणी कशी सांगतात, हे आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. धडधडीत खोटे क्वचितच कोणी बोलते. पण निवड आणि क्रम मात्र प्रत्येक जण करतो. शेजाऱ्याचा अपराध आधी येतो, आपला मागाहून. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात नासपतीच्या फळांची एक क्षुल्लक चोरी किती विस्ताराने सांगितली आहे, हे वाचकांना ठाऊक असेल. भूक नसताना केलेली ती चोरी सांगताना त्यांनी स्वतःला कोठेही सवलत दिली नाही. आत्मकथनाची कसोटी हीच: सांगणारा कोणाला वाचवतो?

या कसोटीला नासिरभाई उतरतात. आपली नक्कल ही नक्कलच आहे, हे ते लपवीत नाहीत. त्यांच्या विनोदाचा पहिला फटका त्यांच्यावरच बसतो. म्हणूनच त्या उसन्या कथेतून त्यांचे गाव खरेखुरे दिसते: मागांचा खडखडाट, कामानंतरची करमणुकीची भूक, मुंबईचे दूरचे स्वप्न. स्थानिक स्त्रिया पडद्यावर येत नाहीत, म्हणून नटी बाहेरून आणावी लागते. फाळक्यांची अडचण शतकाच्या अंतराने पुन्हा उभी राहते, आणि येथे मात्र आपले हसू जरा ओशाळते.

माहितीपटाविषयी आमची एक तक्रार आहे. नासिरभाईंनी आपले सारे जुगाड उघडे करून दाखवले. त्यांचे चित्रण करणारी दिग्दर्शिका मात्र पडद्याआडच राहते. दुसरा कॅमेरा समोर असल्यामुळे त्या चित्रीकरणात किती बदल झाला, नासिरभाई एखादे वाक्य केवळ त्या पाहुणीसाठी बोलले काय, हे कळत नाही. शिवाय मालेगावची स्त्री तिच्याही चित्रात जवळजवळ नाहीच. स्वतःकडे पाहून हसण्याचे जे धैर्य मालेगावकरांनी दाखवले, त्याचा थोडा अंश तिनेही दाखवला असता, तर चित्र अधिक प्रामाणिक झाले असते.

तरीही हा माहितीपट आवर्जून पाहावा असाच आहे. भारतातील चित्रपटगृहांत तो 2012 साली पोहोचला. त्याच्या आदल्याच वर्षी शफीक कर्करोगाने गेला होता. आज त्याला हिरव्या कापडापुढे हात पसरून उडताना पाहिले, की हसू येते आणि गळाही दाटतो. ते उडणे खोटे होते, हे तो जाणून होता आणि आपणही जाणतो. पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद कोणत्या युक्तीने आणला असेल? त्या नवरीच्या आईचे दुसरे रडणे आम्ही आता खरे मानतो.