बाभळीचा शोध कोणत्या नावाने घ्यावा?

बाभळीच्या सालीचे तुकडे पाण्यात उकळावेत, तांबूस काढा गाळून घ्यावा आणि त्यात गंजलेला खिळा टाकून ठेवावा. काही वेळाने काढा काळा पडू लागतो. तेरणेच्या काठच्या कोणत्याही गावातील शाळेत जवळजवळ बिनखर्चात करता येणारा हा प्रयोग आहे. सालीतील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून हा काळा रंग तयार होतो. हिराकस घालून काळी शाई करण्यामागे हेच रसायन होते आणि चामडे कमावणारे कारागीरही ही साल टॅनिनसाठीच वापरत आले. इथवर शिक्षकाला सांगता येते. पण एखादी चौकस मुलगी विचारते, ‘‘सर, टॅनिन म्हणजे नेमका कोणता पदार्थ? आपल्या इथल्या बाभळीत तो किती असतो? आणि झाडाला तो लागतो कशाला?’’

पूर्वी अशा वेळी ‘पुढच्या इयत्तेत शिकाल’ म्हणून वेळ मारून नेता येई. आता तसे करणे बरे दिसत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांतील माहिती संगणकावर खुली झाली आहे, असे आपण प्रशिक्षणवर्गांत नेहमी ऐकतो. ते कितपत खरे आहे, हे आपल्या बाभळीला हाताशी धरून तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तपासणीच्या कसोट्याही शास्त्रज्ञांच्याच आहेत. संशोधनाची माहिती सापडली पाहिजे, मिळवता आली पाहिजे, दुसऱ्या माहितीशी जुळली पाहिजे आणि पुन्हा वापरता आली पाहिजे, अशी चार तत्त्वे २०१६ मध्ये मांडली गेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘फेअर’ तत्त्वे म्हणतात.

दोन शास्त्रे, दोन रिती

माहिती वाटून घेण्याच्या बाबतीत जीवशास्त्राला चांगले गुण द्यावे लागतील. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा ‘प्रोटीन डेटा बँक’ हा संग्रह १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाला. आज त्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही पाहता येतात. जनुकांची अक्षरमाला साठवणारी ‘जेनबँक’ १९८२ मध्ये सुरू झाली. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर जमून ठरवले, की वाचलेला क्रम चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुला करायचा. शोधनिबंध छापून येईपर्यंतही थांबायचे नाही! स्पर्धेच्या जगात हा निर्णय सोपा नव्हता.

त्याचा लाभ आपल्या शेतापर्यंत पोचला आहे. मराठवाड्याच्या खरिपातील तुरीचा जनुकसंच २०११ मध्ये दोन भारतीय गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. एक गट दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या आवारातील केंद्राचा होता. दुसऱ्याचे नेतृत्व हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेकडे होते. दोघांनीही ‘आशा’ हाच वाण घेतला होता. इक्रिसॅटच्या गटाने तुरीत ४८,६८० जनुके असावीत, असा अंदाज केला. कळंब किंवा उमरग्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी ही अक्षरमाला आज एक पैसाही न देता पाहू शकतो.

रसायनशास्त्राची रीत वेगळी पडली. ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ हा रसायनविषयक संशोधनाचा सारसंग्रह १९०७ मध्ये सुरू झाला. त्याची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. पण तो पैसे मोजणाऱ्यांसाठीच राहिला. अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने २००४ मध्ये ‘पबकेम’ हा खुला संग्रह सुरू केला, तेव्हा अमेरिकन केमिकल सोसायटीने पुढच्याच वर्षी हरकत घेतली. सरकारने आमच्या व्यवसायाशी स्पर्धा करू नये, असे तिचे म्हणणे होते. पबकेम टिकले आणि आज त्यात दहा कोटींहून अधिक संयुगे आहेत. सोसायटीची बाजूही समजून घेतली पाहिजे. निबंध वाचून प्रत्येक संयुगाची नोंद करणे हे हजारो जाणकारांच्या श्रमाचे काम आहे आणि रसायनशास्त्राचे कारखानदारीशी व पेटंटांशी नातेही जवळचे आहे. तरीही परिणाम एवढा झाला, की बाभळीची जनुके एका खुल्या वाड्यात आणि तिच्या टॅनिनची माहिती बराच काळ कुलूप लावलेल्या दुसऱ्या वाड्यात राहिली.

नावांचा घोळ

आता प्रत्यक्ष शोधाला लागू. बाभळीचे शास्त्रीय नाव काय? जुन्या पुस्तकांत ‘अकॅशिया अरेबिका’ असे आढळते. पुढे ‘अकॅशिया निलोटिका’ रूढ झाले आणि आपल्यापैकी अनेक जण तेच शिकले, तेच शिकवतात. आजचे नाव मात्र ‘व्हॅचेलिया निलोटिका’ असे आहे. यामागे एक गमतीदार कथा आहे. जुनी ‘अकॅशिया’ प्रजाती तोडून तिचे भाग करायचे ठरले, तेव्हा मूळ नाव कोणत्या भागाकडे जावे यावर वाद झाला. ‘अकॅशिया’ या नावाचा मूळ नमुना म्हणजे आपली बाभूळच. नियमाने नाव तिच्याकडे राहायला हवे होते. पण ऑस्ट्रेलियातील सुमारे हजार जातींची नावे बदलावी लागू नयेत, म्हणून २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने ते ऑस्ट्रेलियातील जातींना दिले. २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत ते कायम झाले.

हा निर्णय बरोबर की चूक, हा प्रश्न बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की बाभळीच्या सालीवरचे जुने संशोधन जुन्या नावांखाली आणि नवे संशोधन नव्या नावाखाली आहे. एकच नाव घालून शोधणाऱ्याच्या हाती त्याचा एक तुकडाच येतो. जीवशास्त्राच्या चांगल्या संग्रहांनी यावर उपाय केला आहे. तिथे प्रत्येक जातीला एक कायम क्रमांक असतो आणि तिची जुनी नावे त्याच क्रमांकाखाली नोंदवतात.

रसायनशास्त्रातील अडचण उलटी आहे. तिथे एकाच सूत्राचे अनेक पदार्थ असतात. बाभळीतून ‘कॅटेचिन’ आणि ‘एपिकॅटेचिन’ ही दोन्ही संयुगे मिळाल्याच्या नोंदी आहेत. दोघांतही कार्बनचे १५, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू, तेही त्याच क्रमाने जोडलेले. फरक आहे तो एका कार्बनभोवतीच्या अणुगटांच्या अवकाशातील मांडणीचा. नुसते सूत्र लिहिले तर दोन्ही एकच ठरतील. म्हणून शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये ‘इंची’ नावाची पद्धत आणली. तीत रेणूच्या रचनेवरूनच त्याची खूण तयार होते. या खुणेचे संक्षिप्त रूप २७ चिन्हांचे असते. त्यातील पहिली चौदा अक्षरे अणूंच्या जोडणीवरून ठरतात, ती दोन्ही संयुगांत सारखीच येतात. अवकाशातील मांडणीचा फरक पुढच्या गटात दिसतो. सहोदर भावांचे आडनाव एक आणि नाव वेगळे, तसेच हे झाले. ही खूण कोणीही फुकट वापरू शकतो. गेल्या काही दशकांत रसायनशास्त्राने जगाला दिलेल्या उत्तम देणग्यांत तिची गणना करायला हवी.

झाडाला क्रमांक मिळाला, रेणूला खूण मिळाली. राहिले ते गाव. आपल्या जिल्ह्यातील वनस्पतींचा पद्धतशीर ग्रंथ उपलब्ध आहे. मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला जवळपास दोन दशके झाल्यावर, १९९८ मध्ये, त्यांनी साऱ्या मराठवाड्याचा दोन खंडांतील ग्रंथ दिला. असे काम करायला वर्षानुवर्षे पायपीट करावी लागते. पण १९७९ चा उस्मानाबाद जिल्हा म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा नव्हे! लातूर जिल्हा त्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला आणि उरलेल्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. ‘उस्मानाबाद जिल्हा’ एवढीच नोंद असलेली वनस्पती आज लातूरची असू शकेल, आणि ‘धाराशिव’ घालून शोधणाऱ्या यंत्राला जुनी एकही नोंद सापडणार नाही. माणूस वाचताना हा संदर्भ लावून घेतो. यंत्राला तो कोणीतरी सांगावा लागतो. गावाचे अक्षांश-रेखांश लिहिले असतील, तर नाव कितीही वेळा बदलो, नोंद हरवत नाही.

सांधा कोणी जोडला?

झाड आणि रेणू यांचा सांधा जोडण्याचे मोलाचे काम भारतातच झाले आहे. चेन्नईच्या गणितशास्त्र संस्थेतील गटाने २०१८ मध्ये ‘इम्पॅट’ हा भारतीय औषधी वनस्पतींचा खुला संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ वनस्पतिजन्य संयुगे आहेत. कोणते संयुग झाडाच्या कोणत्या भागात आढळले, हेही त्यात नोंदलेले आहे. पाने, साल आणि शेंगा यांतील फरक मुलांना सांगणाऱ्या शिक्षकाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाशी आपण अडतो. ‘किती?’ आणि ‘कुठल्या बाभळीत?’ हे जाणण्यासाठी मूळ शोधनिबंधच गाठावा लागतो, आणि तो बहुधा पैसे मोजल्याशिवाय उघडत नाही. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. अशा संग्रहात एखाद्या झाडापुढे एखादे संयुग नसेल, तर त्याचे दोन अर्थ होतात: ते शोधले पण मिळाले नाही, किंवा कोणी शोधलेच नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. न मिळाल्याच्या नोंदी सहसा छापल्या जात नाहीत, त्यामुळे रिकामी जागा फसवी ठरते. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे.

हळदीचा धडा

न सापडणाऱ्या माहितीची किंमत किती पडते, हे आपण एकदा अनुभवले आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. जी गोष्ट आपल्याकडे आजीला ठाऊक असते, ती पेटंट तपासणाऱ्याला कशी सापडली नाही? कारण तो ज्या कपाटांत शोधत होता, त्यांत आजी नव्हती. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधीचे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. परिषदेने ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुन्या ग्रंथांबरोबर इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. हळदीचे ज्ञान कागदावर होतेच. ते शोधणाऱ्याच्या वाटेवर नव्हते.

या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहू लागले. जुन्या ग्रंथांतील लाखो औषधयोग त्यात पाच परकीय भाषांत मांडले आहेत आणि परदेशी पेटंट कार्यालयांना ते तपासता येतात. चुकीची पेटंटे अडवण्याचे त्याचे काम चोख आहे. पण गुप्ततेचा करार करून ते बराच काळ फक्त पेटंट कार्यालयांनाच दाखवले गेले. इतरांसाठी, तेही शुल्क आकारून, टप्प्याटप्प्याने खुले करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये घेतला. आपले ज्ञान उघड केले तर दुसरेच त्यावर पैसा करतील, ही भीती अनाठायी नाही. तरीही ज्या समाजाचे हे ज्ञान, त्यातील शिक्षकाला ते पाहता येऊ नये, ही गोष्ट खटकते. ‘फेअर’च्या चार कसोट्यांपैकी ‘मिळवता येणे’ या कसोटीवर हे ग्रंथालय आपल्यापुरते अनुत्तीर्ण आहे.

शाळेने काय करावे?

साखळीतील शेवटचा दुवा म्हणजे लोकांच्या तोंडचे नाव. तो चेन्नईत किंवा वॉशिंग्टनला जोडला जाणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी, अशी तरतूद आहे. आपल्या गावची नोंदवही मागून पाहा. त्यात ‘बाभूळ’ एवढेच लिहिले असेल, तर पुढचे काम विद्यार्थ्यांना देता येईल: स्थानिक नाव, आजचे शास्त्रीय नाव, जुनी शास्त्रीय नावे, झाडाचा भाग, लोक करीत असलेला उपयोग, गावाचे नाव व अक्षांश-रेखांश, तारीख, आणि वर्तमानपत्रात दाबून वाळवलेला एक नमुना. ओळख पटत नसेल तर नमुना जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा. मात्र औषधाची माहिती सांगणाऱ्या वैदूला किंवा आजीला ती लिहून घेण्याबद्दल आधी विचारावे. त्यांचे नाव घालायचे की नाही, हेही त्यांनीच ठरवावे.

त्या मुलीला मग काय उत्तर द्यावे? टॅनिन हा एक पदार्थ नसून अशा संयुगांचा गट आहे, आणि कॅटेचिनसारखे रेणू त्याच्या घडणीत असतात. टॅनिनची तुरट चव पाला खाणाऱ्या प्राण्यांना आवरते, म्हणून ते झाडाच्या उपयोगी पडते. आणि आपल्या गावच्या बाभळीत ते किती आहे, हे कोणत्याही संग्रहात शोधण्यापेक्षा आपणच मोजून पाहावे. निरनिराळ्या झाडांच्या समान वजनाच्या साली समान पाण्यात उकळून काढ्याच्या काळेपणाची तुलना करता येईल. मोजमाप ढोबळ असेल, पण त्यासोबत झाडाचा नेमका पत्ता असेल. तेवढा पत्ता पुष्कळ मोठ्या संग्रहांतही नसतो.