हिवाळ्याचा निरोप आणि पशुपक्ष्यांचे शकुन

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पंक्ससुटॉनी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १८८७ पासून २ फेब्रुवारीच्या पहाटे ग्राउंडहॉग या खारीच्या कुळातील बिळवासी प्राण्याचा कौल घेतला जातो. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे रेंगाळणार, न दिसली तर वसंत लवकर येणार, असा समज आहे. जर्मनीतून आलेल्या लोकांनी हा संकेत आपल्याबरोबर नेला. मायदेशी हेच काम बॅजरकडे असे. अशा प्रथांचा उल्लेख निघाला, की आपल्याकडेही असे काही आहे काय, असा प्रश्न विचारला जातो आणि आपण घाईने एखादा देशी नमुना पुढे करून मोकळे होतो. ही घाई आवरावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी परंपरेत हिवाळा केव्हा संपेल हे प्राण्यास विचारण्याची रूढी ठळकपणे आढळत नाही. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपण म्हणतो. येथे सिकंदराबादेत आमचे तेलुगु शेजारी म्हणतात, की शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. दोन म्हणींत एका पंधरवड्याचे अंतर आहे. परंतु दोन्हींत थंडीचा निरोप सणावर सोपविलेला आहे, शकुनावर नव्हे. याचे कारण उघड आहे. उत्तरेकडील देशांत बर्फाखाली जमीन निजलेली असते, कोठीतला चारा सरत असतो. तेथे हिवाळ्याची लांबी हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. दख्खनच्या पठारावर थंडी ही वैरीण नाही. गहू आणि हरभरा तिच्यावरच पोसतात. ती जावी म्हणून उतावीळ होण्याचे शेतकऱ्यास कारणच नव्हते. त्याचा जीव टांगलेला असे तो पावसावर, आणि म्हणून त्याने पशुपक्ष्यांना विचारले ते पावसाविषयी.

तथापि या पावसाच्या प्राण्यांतही दोन जाती आहेत, आणि आपल्या विवेचनात त्यांची सरमिसळ होते. पहिली जात पंचांगातील प्राण्यांची. संक्रांतीचे वाहन करणावरून ठरते: बव करणावर ती सिंहावर येते, बालवावर वाघावर. पावसाच्या नक्षत्रांची वाहने काढण्यासाठी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नऊने भागावयाचे. जी बाकी उरेल तिच्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरतो. बेडूक, म्हैस, हत्ती असता पाऊस भरपूर. कोल्हा, मेंढा असता ओढ. येथे कोणी बेडूक पाहिलेला नसतो. हा बेडूक भागाकाराच्या बाकीला दिलेले नाव आहे. परंतु नावे देणाऱ्याची दृष्टी पाहण्यासारखी आहे. पाण्यात रमणारे जीव त्याने पावसाकडे ठेवले आणि कोरड्या माळावर फिरणारे अवर्षणाकडे. ही शास्त्राची नव्हे, रूपकाची रीत आहे, आणि रूपक म्हणूनच तिचे मोल केले पाहिजे.

दुसरी जात प्रत्यक्ष पाहिलेल्या प्राण्यांची. कावळ्याने घरटे कोठे बांधले, यावरून पावसाचा अदमास घेण्याची चाल खेड्यांतून आणि रानांतून आढळते. हिरव्या, निकोप झाडावरचे घरटे शुभ. काटेरी वा वठलेल्या झाडावरचे दुष्काळाचे. नेमका हाच संकेत सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वैशाखातील घरट्याच्या संदर्भात आलेला आहे. त्याच ग्रंथात मुंग्यांनी अंडी हलविणे, मांजराने नखांनी जमीन उकरणे ही नजीकच्या पावसाची लक्षणे सांगितली आहेत. आणखी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. मार्गशीर्षापासून मेघांना गर्भधारणा होते आणि १९५ दिवसांनी पाऊस प्रसवतो, असे वराहमिहिर मांडतो. म्हणजे आपल्याकडेही हिवाळ्याचे बारकाईने निरीक्षण होत होते; मात्र ते त्याचा शेवट शोधण्यासाठी नव्हे, तर त्याच्या पोटातील पावसाळा ओळखण्यासाठी.

शास्त्रातून हे लोकांत उतरले, की लोकांतून शास्त्रात गेले? वराहमिहिर स्वतः गर्ग-पराशरादी पूर्वसूरींचा हवाला देतो. शेतातले पाहणे आधी आणि श्लोक नंतर, असे मानण्याकडे आमचा कल आहे; परंतु एकदा श्लोक झाल्यावर तो पुन्हा शेतात परतत राहिला, हेही नाकारता येत नाही.

आधुनिक मराठी गद्याने या सामग्रीचे काय केले? दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथात महिन्यामहिन्यांचे निसर्गदर्शन लोकजीवनाच्या जाणिवेशी एकजीव झालेले आहे. तेथे ऋतू भाकितासाठी नाही, अनुभवासाठी आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनांतील शकुनविद्या मराठी वाचकांच्या दारी आणली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र डोळ्यांनी पाहिलेले, वनवासींकडून ऐकलेले आणि संस्कृत ग्रंथांत वाचलेले त्यांच्या लेखनात पुष्कळदा एकाच ओघात येते. वाचकास ते रमणीय वाटते. अभ्यासकाने हे तीन धागे वेगळे करावयास हवेत.

आपल्या कवितेत हिवाळ्याच्या अखेरीचा दूत म्हणून कोकिळेस मान आहे. वास्तविक गातो तो नर. पण काव्यसंकेताने गाणे मादीस दिले. कविता कोकिळेकडे पाहते, शेतकरी कावळ्याकडे. गंमत अशी, की कोकिळेची अंडी कावळ्याच्याच घरट्यात उबतात. कवीचा वसंत आणि कुणब्याचा पावसाळा एकाच काटक्यांवर विसावलेले आहेत. आपल्या समीक्षेने मात्र त्यांना दोन वेगळ्या कपाटांत ठेवले.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. सिकंदराबादेत आषाढात उज्जयिनी महांकाळी मंदिरातील बोनालू उत्सवात ‘रंगम्’ होते. मातीच्या कच्च्या मडक्यावर उभी राहून एक स्त्री पाऊसपाण्याचे भविष्य सांगते आणि हजारो माणसे कान देऊन ऐकतात. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यापासून वेगळा झाला. पण येथे राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुले पंचांगातील बेडूक आजीकडून आणि रंगम् शेजाऱ्यांकडून, असे दोन्ही ऐकत वाढतात. वर्गात त्यांना आपण काय सांगतो? एक शिक्षक ‘अंधश्रद्धा’ म्हणून पान उलटतो, दुसरा ‘पूर्वजांचे विज्ञान’ म्हणून छाती फुगवितो. दोघेही वाचावयाचे टाळतात. कावळ्याच्या घरट्याने पाऊस सिद्ध होत नाही, हे स्पष्ट सांगावे. परंतु १९७२ सारखा दुष्काळ ज्यांनी सोसला, त्यांनी त्या घरट्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, हेही सांगावे. शकुन खरा ठरला की खोटा, हा हवामानखात्याचा प्रश्न. तो कोणत्या भयातून जन्मला, हा साहित्याचा प्रश्न आहे आणि तो आपण सोडविला नाही, तर दुसरे कोणी सोडविणार नाही.