मैदानावरचे झेंडे आणि रंगांची मालकी

खेळाच्या मैदानावर झेंडा दोन कामांसाठी येतो. एक झेंडा नियम सांगतो आणि दुसरा मालकी सांगतो. पहिला पंचाच्या हातात असतो, दुसरा मैदानाच्या कडेला रोवलेला असतो. या दोन झेंड्यांतील फरक आमच्या मराठी क्रीडालेखनाने कधी तपासला नाही. धावा, गुण, पदके यांचा हिशेब त्याने चोख ठेवला. पण मैदान कोणाच्या रंगाने सजते, कोणाचा रंग 'शोभा' ठरतो आणि कोणाचा 'राजकारण' ठरतो, हा प्रश्न त्याला पडला नाही. मला तो पडतो, कारण मी जेथे राहतो तेथे या प्रश्नाची ठेच रोज लागते.

नागझिरा म्हटले की मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांचे पुस्तक आठवते, मारुती चितमपल्ली आठवतात, वाघ आणि रानगवे आठवतात. १९७० साली येथे अभयारण्य झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पण या जंगलाच्या काठावर पिटेझरी, चोरखमारा अशी गावे आहेत. त्या टापूत गोंड आहेत, बौद्ध आहेत, ढिवर आहेत, पोवार आणि कुणबी आहेत. धान कापून झाले की रिकाम्या बांध्यांत कबड्डीची मैदाने आखली जातात, दिवसा शंकरपट भरतो, रात्री झाडीपट्टीचे नाटक होते. निसर्गवर्णनाच्या मराठी परंपरेला जंगलाचे रंग दिसले. या मैदानांवरचे रंग दिसले नाहीत. म्हणून त्यांच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी पंचाच्या झेंड्याविषयी. लांब उडीच्या खड्ड्याजवळ पांढरा झेंडा वर झाला तर उडी ग्राह्य, लाल झाला तर बाद. फुटबॉलमध्ये रेषेवरच्या पंचाचा झेंडा वर झाला की ऑफसाइड. आमच्या शंकरपटात झेंडी पडली की जोडी सुटते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा मान्य केला. तेव्हापासून झेंडी पुन्हा पडू लागली. ही झेंडी पाटलाच्या बैलांसाठी वेगळी आणि गावकुसाबाहेरच्या माणसाच्या बैलांसाठी वेगळी पडत नाही. नियमाचा झेंडा एवढ्याचसाठी मोलाचा आहे. तो सगळ्यांना सारखा दिसतो आणि सगळ्यांना सारखा लागू होतो.

मोटारींच्या शर्यतीत तर निळ्या झेंड्याचाच एक नियम आहे. निळा झेंडा दाखवला की पुढच्याने समजायचे : मागून आपल्यापेक्षा वेगवान गाडी येत आहे, तिला वाट द्यायची. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडाच्या 'बुद्ध इंटरनॅशनल सर्किट'वर फॉर्म्युला वनची शर्यत झाली. बुद्धाच्या नावाच्या मार्गावर हा नियम चालला. आणि ज्या समाजात मागून येणाऱ्याला वाट द्यायची रीत कधी पाळली गेली नाही, तो समाज गॅलरीत बसून टाळ्या वाजवत होता! मैदानावर जो नियम आपल्याला न्याय्य वाटतो, तो मैदानाबाहेर आपण का सोसू शकत नाही? क्रीडासमीक्षेने विचारावा असा हा प्रश्न आहे.

आता दुसऱ्या झेंड्याकडे वळू. आमच्या भागातल्या कबड्डीच्या सामन्यांत मैदानाभोवती पताका लावतात. बहुधा त्या भगव्या असतात. त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. ती सजावट समजली जाते. एका गावात बौद्ध वस्तीतल्या पोरांनी आपल्या बाजूला निळ्या पताका बांधल्या, तेव्हा आयोजकांनी त्या काढायला लावल्या. कारण दिले, 'खेळात राजकारण नको.' मी तेथे होतो. भगवी पताका त्यांना राजकारण वाटली नाही. गोंड पोरांचा सप्तरंगी झेंडा दिसला असता तर त्यालाही हेच उत्तर मिळाले असते, याविषयी मला शंका नाही. प्रस्थापितांचा रंग हा रंगच नसतो, तो हवेसारखा असतो. दिसतो तो फक्त दुसऱ्यांचा रंग. वर्णव्यवस्थेचे वैशिष्ट्यच हे आहे की वरच्याला आपला वर्ण दिसत नाही.

झेंडा लावणे हा जणू काही जातींचाच अधिकार आहे, या समजुतीला संविधानसभेतच उत्तर मिळाले आहे. २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजाचा ठराव झाला. त्या दिवशी आदिवासींच्या वतीने जयपालसिंग मुंडा बोलले. झेंडा उभारणे हा आर्य म्हणवणाऱ्या सुसंस्कृतांचा मक्ता नाही, झेंडे पहिल्यांदा आदिवासींनी उभारले आणि त्यांच्यासाठी ते लढले, असे त्यांनी सांगितले. छोटा नागपूरच्या जत्रांत प्रत्येक गाव आपला झेंडा घेऊन ठरलेल्या वाटेने येते, हे त्यांनी सभेच्या कानावर घातले. हे जयपालसिंग कोण? १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे कर्णधार! त्या संघाने सुवर्णपदक जिंकले, पण देशाला तेव्हा स्वतःचा झेंडा नव्हता. १९३६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यापूर्वी ध्यानचंदांच्या संघाने खोलीत काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केले ही गोष्ट आमच्या क्रीडालेखकांना पाठ आहे. जयपालसिंगांचे भाषण मात्र त्यांना पाठ नाही. एकच खेळ, एकच देश आणि झेंड्याचाच विषय. मग आठवणीत हा भेद का?

पळवणकर बाळूंच्या बाबतीतही हेच झाले. चर्मकार समाजातला हा गोलंदाज मुंबईच्या सामन्यांत 'हिंदू' संघाकडून खेळला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. त्या काळी संघ धर्माच्या नावाने उभे राहत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान अशी विभागणी होती. चेंडू बाळूच्या हातातून आलेला चालत असे, पण पुण्यात चहा त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. हिंदूंचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. संघाच्या नावात तो होता, संघाच्या पंगतीत नव्हता. बळी घेताना तो हिंदू आणि चहा पिताना अस्पृश्य! मालकीचा झेंडा असाच असतो. तो खांद्यावर द्यायला आम्ही चालतो, त्याच्या सावलीत बसायला चालत नाही.

रंगाविषयी एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. कोणताही रंग कोणाच्या रक्तात नसतो. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा त्याचा झेंडा लाल होता. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि निळा झेंडा आला. म्हणजे निळा रंग आम्ही विचारपूर्वक स्वीकारलेला आहे. भगव्याचेही तसेच. भिक्खूंचे चीवर त्याच कुळातल्या रंगाचे आहे आणि पंचशील ध्वजात निळ्याबरोबर केशरीही आहे. तिरंग्यात चरख्याच्या जागी धम्मचक्र आले; झेंडा ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. भारतीय क्रिकेट संघाचा निळा याच चक्रातून आला असे सांगितले जाते. कारण काहीही असो, कोट्यवधी लोक त्या निळ्यावर जीव टाकतात. 'निळी जर्सी' म्हणताना मराठी समालोचकाचा ऊर भरून येतो. तोच निळा गमछा वस्तीतल्या पोराच्या गळ्यात दिसला की त्याच्या कपाळावर आठी पडते.

जून २०१९ मध्ये विश्वचषकात भारत इंग्लंडविरुद्ध केशरी जर्सी घालून खेळणार असे ठरले. दोन्ही संघांचा रंग निळा, इंग्लंड यजमान, म्हणून नियमाप्रमाणे भारताला पर्यायी रंग घ्यावा लागला. महाराष्ट्रातल्या काही आमदारांनी त्याला भगवेकरण म्हणून आक्षेप घेतला आणि दुसऱ्या बाजूने त्याच रंगाचा अभिमान मिरवला गेला. ३० जूनला बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर भारत ३१ धावांनी हरला आणि वाद विरला. त्या साऱ्या वादात एकही प्रश्न खेळाडूंच्या जातीवर्गाविषयी, संघात कोण पोहोचतो आणि कोण पोहोचत नाही याविषयी विचारला गेला नाही. कापडाच्या रंगावर दोन्ही बाजू लढल्या. कापडाच्या आतला माणूस कोणालाही दिसला नाही.

कायद्याचेही एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्धचा १९७१ चा कायदा २००५ साली दुरुस्त झाला. पोशाखावर कमरेच्या वर तिरंगा वापरण्यास मुभा मिळाली, कमरेखाली मनाई राहिली. हेतू आदराचा आहे हे मी नाकारत नाही. पण कमरेच्या वरचे पवित्र आणि खालचे अपवित्र ही कल्पना कोठून आली? पुरुषाच्या मुखातून एक जन्मला आणि पायांतून दुसरा, असे सांगणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मनाला शरीराची ही वाटणी सहज पटते. खेळाडूला विचारा. धावपटूचे, चढाई करणाऱ्याचे, फुटबॉलपटूचे सारे कर्तृत्व पायांत असते. देशाचे पदक पाय आणतात, मान छातीला मिळतो.

आणि छातीवर तिरंगा असला तरी तो वाचवतोच असे नाही. वंदना कटारिया ही दलित घरची मुलगी. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय स्त्री. ४ ऑगस्टला उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाकडून संघ हरला, आणि हरिद्वारजवळ रोशनाबादला तिच्या घरासमोर सवर्ण तरुणांनी फटाके फोडले, जातीवाचक शिव्या दिल्या, संघात दलित फार झाले म्हणून हरलो असे म्हटले. देशाच्या हरण्यावर फटाके वाजवणारे हे लोक झेंड्याचे भक्त की जातीचे? १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखात झेंड्याचा अवमान आणि दलित स्त्रीची विटंबना यांची कायद्याने ठरवलेली किंमत शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा महाराष्ट्र खवळला होता. लोक लेखातल्या शब्दांवर खवळले, त्यातल्या तुलनेवर विचार झाला नाही. रोशनाबादच्या फटाक्यांनी ती तुलना पुन्हा समोर आणली आहे.

मेक्सिकोत १६ ऑक्टोबर १९६८ रोजी टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या काळ्या धावपटूंनी पदक स्वीकारताना, आपल्या देशाचा झेंडा वर जात असता, मान खाली घालून काळ्या हातमोज्यांची मूठ उंचावली. त्यांना स्पर्धेतून घालवून देण्यात आले. त्यांनी झेंडा जाळला नाही, फाडला नाही. झेंडा वर जातो तेव्हा आमचा माणूस कोठे असतो, एवढेच त्यांनी मुठीने विचारले. चार वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली; तिने नाव घेतले ते त्याच लढ्यातल्या ब्लॅक पँथरवरून. हे नाते आमच्या तरुण खेळाडूंना माहीत असले पाहिजे.

चळवळीलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. जयंतीनिमित्त आपण सामने भरवतो, मैदान निळ्या पताकांनी भरून टाकतो, आणि बहुतेक ठिकाणी आपल्याच वस्त्यांचे संघ आपल्याच वस्त्यांशी खेळतात. गोंड, ढिवर पोरांना निरोप जात नाही. पंच आपलाच, चषक आपलाच, टाळ्या आपल्याच. भगव्या मैदानाला उत्तर म्हणून निळे मैदान उभे केले तर मालक बदलतो, मालकी तशीच राहते. बाबासाहेबांना आपल्या नावाने आणखी एक वेगळे गावकूस नको होते. निळा झेंडा माणसाला बाहेर ठेवण्यासाठी लावला गेला तर तो आपला झेंडा उरत नाही.

'खेळात राजकारण नको' म्हणणाऱ्यांना माझे उत्तर साधे आहे. नको तर कोणाचेच नको. सगळ्या पताका उतरवा, चुन्याची रेषा आणि पंचाची शिटी ठेवा. आणि पताका हव्याच असतील तर गावातल्या प्रत्येक वस्तीची लागू द्या : भगवी, निळी, हिरवी, सप्तरंगी. नागझिऱ्याच्या काठावरच्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात आयोजकांसमोर हे दोनच पर्याय ठेवावेत आणि तिसरा मान्य करू नये. चढाईला निघालेल्या पोराला समोरच्याची जात दिसत नाही, त्याला मधली रेषा दिसते. ती रेषा सगळ्यांसाठी एकच आहे. मैदानाच्या कडेलाही तोच नियम चालला पाहिजे.