एकतारी विदावहन : काटकसर आणि तिची किंमत

डॅलस सेमीकंडक्टरच्या ‘वन-वायर’ पद्धतीत मायक्रोकंट्रोलर व अनेक चिप्स एकाच द्विदिश तारेवर जोडल्या जातात. प्रत्येक घटक तारेची पातळी केवळ खाली ओढतो, ४.७ किलोओहमचा रोधक ती पुन्हा वर आणतो. प्रत्येक चिपला ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक असतो. ही रचना निःसंशय कल्पक आहे. तथापि घड्याळाची वेगळी तार नसल्याने मायक्रोसेकंदांचा हिशेब आज्ञावलीला काटेकोरपणे सांभाळावा लागतो.

पद्धतीची खरी कसोटी वीजपुरवठ्यात लागते. ‘डीएस१८बी२०’ ही तापमापक चिप विदा-तारेवरूनच वीज घेऊ शकते. परंतु मापनकाळी तिला १.५ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. तेवढ्या प्रवाहासाठी रोधकावर सुमारे ७ व्होल्ट खर्ची पडतील. पुरवठा मात्र ५ व्होल्टचाच असतो. अशा वेळी मापन अपुरे राहते आणि चिप अनेकदा ८५ अंश सेल्सिअस हे आपले आरंभमूल्यच कळविते. सीआरसी ही त्रुटी-तपासणी तरीही बिनचूक जुळते. मापनाचे ७५० मिलिसेकंद तार ट्रान्झिस्टरद्वारे थेट पुरवठ्याशी जोडणे, हा त्यावरील उपाय होय. निर्दोष पोहोचलेला संदेश सत्य असतोच असे नाही, हा विवेक प्रयोगशाळेत जोडणीच्या आकृतीइतक्याच आग्रहाने शिकविला जाणे आवश्यक आहे.